आर१५ वरून अ‍ॅडव्हेंचर गाडीवर येताय? सीसी नंतर, आधी उंची आणि वजन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे यामाहा आर१५ व्ही४ आहे, राहायला पुण्यात, उंची साडेपाच फूट. रोज हिंजवडीला जाऊन-येऊन मनगटं आणि मान धरते. लग्न झाल्यापासून बायकोला मागे बसवायचं तर ती दहा किलोमीटरनंतरच उतरायचं म्हणते. वर्षातून काही वेळा कोकणात जायचं आहे, पुढेमागे हिमाचलातलं स्पितीही डोक्यात आहे. यादीत पहिली रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०, दुसरी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, तिसरी सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स. आणि शेवटी विचारलंय की एवढी उंच, जड गाडी आपल्याला झेपेल का.

मी गाड्या दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना घाटात आणि मातीत चालवायला शिकवतो. स्पोर्ट गाडीवरून अ‍ॅडव्हेंचरवर आलेले बरेच जण माझ्याकडे येतात, म्हणून हे जरा लांबवून लिहितोय. तुमचं कारण पक्कं आहे, गाडी बदलाच. फक्त यादी मी उलटी करेन: व्ही-स्ट्रॉम पहिली, हिमालयन दुसरी. का, ते कळायला आधी मनगट का दुखतं ते बघू.

आर१५चं हँडल दोन तुकड्यांत, सरळ फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळ्यांवर बसवलेलं असतं. फूटरेस्ट मागे आणि वर. त्यामुळे अंग पुढे झुकतं. ही बैठक वेगासाठी आखलेली आहे. ताशी शंभरच्या आसपास वारा छातीवर आदळतो आणि अंगाचा बराचसा भार तोच पेलतो, हात मोकळे राहतात. हिंजवडीच्या रांगेत ताशी पंधराने सरकताना तो वारा कुठून आणणार? मग सगळा भार तळहातांवर. गुडघ्यांनी टाकी आवळून धरली आणि पाठीच्या स्नायूंवर अंग तोललं तर मनगट वाचतं, हे खरं आहे. पण तासभर ट्रॅफिकमध्ये, दिवसभराच्या कामानंतर, ते कुणी करत नाही. वर मागे बायको असली की प्रत्येक ब्रेकला ती पुढे घसरते आणि तुमच्या मनगटांवर दोघांचं वजन येतं. ती उतरायचं म्हणते यात तिची चूक नाही. त्या मागच्या सीटवर पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः बसून बघा.

अ‍ॅडव्हेंचर गाडीवर हँडल रुंद, उंच आणि जवळ येतं, पाय खाली उतरतात, पाठ सरळ होते. मनगटं, खांदे, मान सुटतात. पण भार हवेत विरत नाही, तो बैठकीवर आणि माकडहाडावर जातो. पुढे झुकलेला माणूस खड्ड्यात कमरेतून थोडा वाकतो, हातही थोडा दणका खातात. ताठ बसलेल्याच्या मणक्यात तो दणका खालून सरळ वर चढतो. म्हणून ‘अ‍ॅडव्हेंचर घेतली आणि पाठदुखी गेली’ हे मी अर्धंच खरं मानतो. कंबरेचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग शोरूमला जा. बाकीच्यांसाठी उपाय साधा आहे. या गाड्यांचे फूटरेस्ट शरीराच्या बरोबर खाली असतात, त्यामुळे मोठा खड्डा किंवा गतिरोधक दिसला की त्यांवर भार देऊन बूड दोन बोटं उचलायचं. दणका गुडघे घेतात. ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या, नाहीतर तीन महिन्यांनी ‘सीट कडक आहे’ म्हणत सीट कापायला निघाल.

आता उंची. आर१५ची सीट कागदावर ८१५ मिलिमीटर. व्ही-स्ट्रॉमची ८३५. हिमालयन ४५०ची ८२५, वर करून ८४५, आणि कमी उंचीची सीट लावली तर ८०५. हे आकडे बघून वाटतं, वीस मिलिमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, त्यात काय! फसगत इथेच होते. आर१५ पुढे निमुळती आहे, पाय सरळ खाली जातात. रुंद सीटवर मांड्या फाकतात, आणि तेवढी पायाची लांबी वाया जाते. उलट बाजूही आहे: लांब चालीच्या, म्हणजे जास्त वरखाली होणाऱ्या, शॉकअपवर तुम्ही बसलात की गाडी आर१५पेक्षा जास्त दबते, त्यामुळे थोडी उंची परत मिळते. कोणत्या गाडीवर तुमचा पाय किती टेकेल हे त्यामुळे कागदावरून कळत नाही. भिंतीला पाठ लावून, दोन पायांच्या मध्ये जाड पुस्तक वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. साडेपाच फूट उंचीच्या दोन माणसांत या मापात तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. खरेदीला हा आकडा उपयोगाचा, तुमची एकूण उंची नव्हे.

दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत हा हट्ट मात्र सोडा. आर१५वर ती चैन होती. इथे थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, आणि बूड सीटवर डावीकडे थोडं सरकवलेलं. असं केलं की डावा पाय पूर्ण टेकतो. पुण्यातले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे थांबताना जमीन तेवढीच आणखी खाली जाते. थांबायच्या आधी पाय कुठे ठेवायचा ते बघून ठेवायचं: तिथे खडी, खड्डा, गटाराची जाळी नाही ना? माझ्याकडे आडवी होऊन आलेल्या उंच गाड्यांतल्या बहुतेक चालताना पडलेल्या नसतात. थांबताना, वळवताना किंवा पार्किंगमध्ये पडलेल्या असतात.

उंची कमी करायची म्हणून मागच्या शॉकअपची जोडपट्टी (लिंक) बदलून गाडी खाली बसवणारे लोक आहेत. मी ते करून देत नाही. मागून गाडी खाली गेली की हँडल जड होतं, साईड स्टँड लांब पडतो आणि गाडी उभी करताना ती जवळपास ताठ राहते, एका धक्क्याने उलटी जाते. शिवाय गाडीखालची जागा कमी झाली, मग अ‍ॅडव्हेंचर कशासाठी घेतली? सीटचा फोम कापणंही तसंच. ज्या आरामासाठी पैसे मोजले तोच कापून टाकायचा. जाड तळव्याचे बूट घ्या, कंपनीची कमी उंचीची सीट मिळत असेल तर ती घ्या, आणि तरीही चवडाच टेकत असेल तर दुसरी गाडी बघा.

वजनाचं गणित उंचीपेक्षा सरळ आहे. आर१५ सुमारे १४१ किलो, व्ही-स्ट्रॉम १६७, हिमालयन ४५० पेट्रोलसकट १९६. म्हणजे व्ही-स्ट्रॉमवर जाताना २६ किलो वाढतात, हिमालयनवर ५५. चालताना हे जाणवत नाही, पहिल्या गिअरमध्ये तीस फूट गेलात की दोन्ही हलक्या वाटतात. जाणवतं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे बाहेर काढायला गाडी मागे ढकलावी लागते. त्यात हिमालयनची टाकी १७ लिटरची आणि उंचावर, त्यामुळे भरलेली गाडी एका कोनापलीकडे झुकली की सावरायचा विचारही करू नका, सोडून द्या आणि पाय बाहेर काढा. पायापेक्षा क्रॅशगार्ड स्वस्त.

पडलेली गाडी उचलायची रीत मात्र घेतल्याच्या पहिल्याच रविवारी शिकून घ्या, मऊ मातीवर, कुणाला तरी सोबत घेऊन. इंजिन बंद. गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ टेकवून उकिडवे बसा, एक हात हँडलच्या खालच्या मुठीला, दुसरा मागे फ्रेम किंवा पकडायच्या दांड्याला. मग पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर, छोटी छोटी पावलं टाकत मागे रेटायचं. समोर तोंड करून, कमरेतून वाकून, हँडल ओढून उचलायला गेलात तर गाडी उचलली जाईलही, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही उठणार नाही.

चालवण्याकडे येऊ. आर१५वाल्यांना खरी अडचण इथे येते, आणि बहुतेकांना कळत नाही की ती सवयीची आहे, गाडीची नाही.

पहिली गोष्ट पुढचा ब्रेक. आर१५चा फोर्क आखूड चालीचा आणि कडक. ब्रेक दाबला की गाडी जवळपास आहे तशी राहून थांबते. हिमालयनच्या फोर्कची चाल २०० मिलिमीटर आहे. तोच ब्रेक त्याच झटक्याने दाबलात तर नाक खाली बसतं, मागचं चाक हलकं होतं, बायकोचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटवर आपटतं. ब्रेक कमी आहे असं समजून लोक आणखी जोरात दाबतात. करायचं काय, तर दोन टप्पे. आधी बोटांनी हलका दाब देऊन फोर्क अर्धा बसू द्यायचा, मग जोर वाढवायचा. सोडतानाही तसंच, हळूहळू, नाहीतर नाक उसळी घेतं आणि नेमकं वळणात शिरताना गाडी हलते. मागचा ब्रेक आर१५वर तुम्ही बहुधा विसरूनच गेला असाल. इथे तो रोजच्या कामाचा आहे. पुढच्याच्या किंचित आधी मागचा लावला की गाडी मागून खाली बसते आणि नाक कमी झुकतं.

दुसरी गोष्ट वळण. ताम्हिणी घाटात आर१५ नुसती नजर टाकली तरी वळते. सतरा इंची चाक, आखूड गाडी, पुढे भार. व्ही-स्ट्रॉमचं पुढचं चाक १९ इंची, हिमालयनचं २१. चाक जेवढं मोठं तेवढं ते खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावरून सहज चढतं, पण डांबरावर दिशा बदलायला तेवढंच सावकाश. एका वळणातून उलट्या वळणात झटकन टाकायची सवय असेल तर २१ इंची चाकावर पहिले काही दिवस तुम्ही प्रत्येक वळणाला बाहेरच्या कडेला जाल. घाटात बाहेरची कड म्हणजे डाव्या वळणावर समोरून येणारी एसटी. म्हणून वेग आधीच कमी करा, वळणात थोडं उशिरा शिरा, आणि हँडलची ज्या बाजूला वळायचंय ती मूठ हलकेच पुढे ढकला. रुंद हँडलमुळे फार जोर लागत नाही. गुडघा बाहेर काढून लटकायची गरज तर अजिबात नाही.

मातीवर तर हे सगळं उलटं होतं. डांबरावर तुम्ही गाडीबरोबर किंवा तिच्याआधी आत झुकता. सुट्या खडीवर गाडीला झुकू द्यायचं आणि स्वतः ताठ, किंबहुना थोडं बाहेरच्या बाजूला राहायचं, म्हणजे टायरवर भार सरळ खाली जातो. हँडल घट्ट धरायचं नाही. मुरमावर पुढचं चाक इकडे-तिकडे भटकतं, त्याला भटकू द्या, ते आपली वाट शोधतं. आर१५वर हँडलने जरा हालचाल केली की ती धोक्याची खूण असायची, त्यामुळे आवळून धरायची सवय हाडात मुरलेली असते. ती सुटायला सर्वांत जास्त वेळ लागतो. उभं राहून चालवलं की लवकर सुटते, कारण उभं असताना अंगाचा भार फूटरेस्टवर जातो.

तिसरी गोष्ट इंजिन. आर१५चं १५५ सीसीचं इंजिन १०,००० आरपीएमला १८.४ पीएस ताकद देतं. व्हीव्हीए, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा, ७,४०० ला बदलते आणि खरी मजा त्यानंतर सुरू होते, म्हणून ओव्हरटेक म्हणजे दोन गिअर खाली, हे तुमचं ठरलेलं. हिमालयनच्या ४५२ सीसीला ४० एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ५,५०० ला मिळतो. घाटात तिसरा टाकला की तिसऱ्यातच बरंच काम होतं. आर१५सारखं ताणत राहिलात तर आवाज आणि कंप वाढेल, वेग तेवढा वाढणार नाही. व्ही-स्ट्रॉमचं २४९ सीसीचं इंजिन जिक्सर एसएफ २५०मधलंच, २६.५ पीएसचं. ते या दोघांच्या मधलं: थोडं फिरवावं लागतं, पण आर१५एवढं नाही. तुमच्या हाताला ते सर्वांत लवकर बसेल. केटीएमचं म्हणाल तर यादीतलं सर्वांत चपळ इंजिन तिचं, चाकणला बनते, आर१५वाल्याला पहिल्या दहा मिनिटांत ती प्रेमात पाडते. मागे बायको, समोर ट्रॅफिक आणि दुखरं मनगट हे तुमचं दुखणं मात्र तिने सुटेल असं नाही. एकट्याने भटकणार असता तर माझं उत्तर वेगळं असतं.

वाऱ्याचंही बघा. ताठ बसलात की वारा अंगावर येतो, गाडीच्या पुढच्या काचेवरून उडालेला झोत नेमका हेल्मेटवर आदळतो आणि डोकं थडथडतं. काच काढून, किंवा थोडी उंच काच लावून बघावं लागतं, प्रत्येकाच्या उंचीला वेगळं जमतं. चोच असलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, पण साताऱ्याच्या पुढे हायवेवर ताशी शंभरने ती चोच मान मागे ओढते. तुमचं जुनं हेल्मेट चांगलं आहे, तेच वापरा. एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर दुचाकीला तशीही बंदी आहे. आपल्याला जुना हायवे, घाट आणि जिल्ह्याचे रस्ते. तिथे ऐंशी-नव्वदच्या पुढे जायचं कारण फारसं पडत नाही, आणि त्या वेगात या सगळ्या गाड्या निवांत असतात.

यादी उलटी का केली ते आता सांगता येईल. तुमचं बहुतेक चालवणं डांबरावर आहे. कोकणात म्हणजे ताम्हिणीतून किंवा वरंध्यातून खाली, मग किनाऱ्याचा रस्ता, मध्ये वेश्वी-बागमांडला किंवा दाभोळ-धोपावेची फेरीबोट. या वाटेवर खड्डे आहेत, कामं चालू असलेले तुकडे आहेत, पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ आहे. पण २१ इंची चाक आणि २०० मिलिमीटरची चाल लागेल असं त्यात फार थोडं आहे. हो, फेरीच्या धक्क्यावरचा उतार सोडून. भरतीचं पाणी चाटून गेलेला तो सिमेंटचा रपटा बर्फासारखा निसरडा असतो. तिथे पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, पुढच्या ब्रेकला हात नाही, आणि बायकोला आधी उतरवून चालत बोटीवर पाठवायचं. तिथे गाडी १६७ किलोची असली काय आणि १९६ची असली काय, पाय नीट टेकणं महत्त्वाचं.

टाकीवरून लोक हिमालयनकडे वळतात, तेही एकदा मांडून बघा. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचं मायलेज बघता व्ही-स्ट्रॉम लिटरला तेहतीस-पस्तीस देते, हिमालयन सत्तावीस ते तीस. म्हणजे १२ लिटरात एक चारशेच्या आसपास जाते, १७ लिटरात दुसरी पावणेपाचशे. पाच लिटर जास्त, पल्ला पाऊणशे किलोमीटर जास्त. कोकणात एवढ्यात दोन-तीन पंप येतात.

स्पितीचा मुद्दा मात्र हिमालयनच्या बाजूने जातो, ते लपवत नाही. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथे हवा इतकी विरळ की कोणत्याही इंजिनाची ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा आणू शकत नाही. दोघं जण आणि सामान घेऊन २६.५ पीएसची गाडी तिथे दमते. ओढून नेईल, पण पहिल्या-दुसऱ्यातच. ४० पीएसच्या गाडीला उरलेलं बळ पुरतं. पण स्पिती आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. मनालीत हिमालयन भाड्याने मिळते, पुण्यापासून तिथपर्यंत दोन हजार किलोमीटर सपाटीवर हायवे कापायचे वाचतात. त्या एका आठवड्यासाठी रोज हिंजवडीत तीस किलो जास्त का ढकलायचे?

चाकांचं एक सांगायला हवं. व्ही-स्ट्रॉमची चाकं मिश्रधातूची, टायर ट्यूबलेस. पंक्चर झालं की पट्टी घुसवायची, हवा भरायची, दहा मिनिटांत मार्गी. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर पंक्चर म्हणजे चाक उतरवणं, आणि तळकोकणात रात्री आठनंतर पंक्चरवाला शोधणं. हिमालयन घेतलीत तर ट्यूबलेस टायर चालणारी तारांची चाकं घ्या, तो पर्याय आता मिळतो. साधी चाकं असतील तर पुढच्या चाकाची ट्यूब आणि टायर काढायचे दोन लोखंडी लीव्हर जवळ ठेवा. २१ इंची ट्यूब मागच्या चाकातही तात्पुरती चालून जाते. तारांच्या चाकाचा फायदा असा की दगडावर आपटलं तर ते वाकतं, तडकत नाही, आणि त्याचा वाकडेपणा (आऊट) काढून घेता येतो. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तारा एकदा तपासून घ्याच, नव्या तारा थोड्या ढिल्या होतात.

चेनकडेही लक्ष द्या. लांब चालीच्या गाडीत मागचं चाक वरखाली होताना चेन कधी सैल, कधी ताठ होते. आर१५च्या अंदाजाने चेन आवळून घेतली तर दोघं बसून खड्ड्यात गेल्यावर ती तारेसारखी ताणते, आणि त्याचा भार इंजिनमधल्या बेअरिंगवर जातो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं माप घ्या, आणि एकदा दोघं बसून चेन खालून हलवून बघा. थोडी तरी हलली पाहिजे.

सामानात पहिल्या दिवशी घ्यायचं ते इंजिनाचा गार्ड, खालची पत्र्याची प्लेट आणि हातांचे गार्ड. पडल्यावर क्लचची लीव्हर तुटली तर गाडी तिथेच राहते, म्हणून हातांचे गार्ड. मागचा मोठा डबा सहा महिने घेऊ नका. मागच्या टोकाला, सीटच्याही वर वजन टांगलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हायवेवर हँडल डुलायला लागतं. मागे बायको असताना तर आणखी. दोन्ही बाजूंना कापडी पिशव्या, जड वस्तू खाली, एवढ्यात कोकणचे तीन दिवस निघतात. जास्तीचे दिवे, फोनचं चार्जर, रंगीत नट-बोल्ट वगैरे तुमच्या हौसेवर.

पैशांचं पटकन. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्या थेट ४० टक्क्यांत गेल्या. व्ही-स्ट्रॉम आणि हिमालयनमधला फरक त्यामुळे लाखाच्या घरात पोचला आहे. ३५० सीसीच्या वर थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सुमारे दुप्पट पडतो. आर१५वर क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, सोडून देऊ नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. आर१५ विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देणं पुरेसं नाही. कर्ज असेल तर आधी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवा, आणि आरसीवर घेणाऱ्याचं नाव चढलेलं स्वतः ऑनलाइन बघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. तोपर्यंतच्या अपघाताची नोटीस तुमच्याच दारी येते.

टेस्ट राईडला शोरूमवाले दोन किलोमीटरची फेरी मारून आणतात, त्यातून काही कळत नाही. एका शनिवारी व्ही-स्ट्रॉम आणि दुसऱ्या शनिवारी हिमालयन, दिवसभरासाठी भाड्याने घ्या. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत नंबर असलेली अधिकृत भाड्याचीच. हलकी आधी चालवा, नाहीतर हिमालयनच्या टॉर्कनंतर व्ही-स्ट्रॉमला न्याय मिळत नाही. बायकोला सोबत न्या, ताम्हिणीत जाऊन या. उंच सीटवर चढताना तिने तुमच्या खांद्याला धरून डाव्या फूटरेस्टवर उभं राहायचं आणि मग पाय पलीकडे टाकायचा. तेवढा वेळ दोघांचं वजन डावीकडे पडतं. त्या क्षणी तुमचा डावा पाय घट्ट टेकलेला आणि पुढचा ब्रेक धरलेला हवा, आणि ‘चढू का’ विचारल्याशिवाय तिने चढायचं नाही, हे आधी ठरवून घ्या. परत आल्यावर एकदा भरल्या टाकीनिशी गाडी तुमच्या पार्किंगमध्ये नेऊन, इंजिन बंद करून, मागे ढकलून बाहेर काढून बघा. हिमालयन तिथे सहज निघाली आणि खिशाला परवडत असेल तर खुशाल तीच घ्या. निघाली नाही, तर व्ही-स्ट्रॉम बुक करा.